हातउसने, महापूर आणि दूरचा धनको

मराठीत 'कर्ज' आणि 'उसने' हे दोन शब्द सहसा एका अर्थाने वापरले जात नाहीत. कर्जाला दर असतो, मुदत असते, बहुधा तारण असते आणि कागद तर असतोच. उसनवारीला यांपैकी काहीही नसते. शेजारणीकडून आणलेली वाटीभर साखर वाटीभरच परत जाते, आणि मुलाच्या प्रवेशाच्या वेळी स्नेह्याकडून घेतलेले पाच हजार रुपये 'हात मोकळा झाला की' परत केले जातात. हात केव्हा मोकळा होणार, हे देणारा विचारीत नाही. आपल्या देशातील लहान कर्जव्यवहारांचा फार मोठा भाग अशा हातउसन्यांतून चालतो आणि तो कोणत्याही बँकेच्या ताळेबंदात दिसत नाही.

हाच व्यवहार इंटरनेटच्या माध्यमातून, एकमेकांना कधीही न पाहिलेल्या माणसांत होऊ लागला, तेव्हा त्याला 'पीअर-टू-पीअर लेंडिंग', थोडक्यात 'पी-टू-पी' असे नाव मिळाले. मराठीत त्यास 'परस्पर-कर्ज' म्हणता येईल. पैसे असलेला धनको आणि पैशांची गरज असलेला ऋणको यांची गाठ एक मंच घालून देतो. मंच स्वतः कर्ज देत नाही. २००५ च्या सुमारास ब्रिटन आणि अमेरिकेत या पद्धतीने मूळ धरले. भूकंप, महापूर अथवा चक्रीवादळ यांनंतर सहृदय माणसाच्या मनात एक विचार हटकून येतो: दान देऊन आपद्ग्रस्ताला मिंधे करण्यापेक्षा त्याला थोडे कर्ज द्यावे, तो स्वाभिमानाने फेडील. विचार उमदा आहे. मात्र ज्याचे घर वाहून गेले, त्याच्या डोक्यावर कर्ज ठेवावे काय, आणि ठेवलेच तर ते बुडण्याचा धोका कोणी सोसावा, या प्रश्नांची उत्तरे तितकी सरळ नाहीत. प्रस्तुत लेखात त्यांचाच विचार करावयाचा आहे.

झारियाची चार खेडी

हातउसन्याचे शास्त्रशुद्ध निरीक्षण फार थोड्यांनी केले आहे. त्यांत ख्रिस्तोफर उड्री या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाचे काम मोलाचे ठरते. १९८८-८९ साली त्यांनी उत्तर नायजेरियातील झारिया शहराच्या परिसरातील चार खेड्यांत सुमारे दोनशे शेतकरी कुटुंबांचे देणे-घेणे वर्षभर टिपून घेतले. जवळजवळ सारी कर्जे त्याच खेड्यातील माणसांत, ओळखीपाळखीत झालेली होती. तारण क्वचितच होते. व्याजाचा दर ठरलेला नव्हता आणि परतफेडीचा दिवसही बहुधा ठरलेला नव्हता.

मग फेड किती झाली? येथेच या अभ्यासाचे मर्म आहे. ज्या ऋणकोच्या शेतात पाणी शिरले, कीड पडली किंवा घरात आजारपण आले, त्याने कमी परत केले. ज्याचे पीक चांगले आले, त्याने अधिक परत केले. एवढ्यावर हे थांबत नाही. धनकोवरच संकट कोसळले, तर ऋणको त्याला ठरल्याहून जास्त देत असे. म्हणजे या कर्जाच्या पोटातच विमा दडलेला होता. कोणाचे शेत खरोखर बुडाले आणि कोण सबब सांगतो, हे गावात लपत नाही, म्हणूनच ही लवचिकता परवडत होती. बँकेला तपासनीस पाठवूनही जी माहिती पुरती मिळत नाही, ती तेथे बांधावर उभे राहिले की दिसत असे.

आपल्याकडेही याला जुळणारा पुरावा आहे. हैदराबादजवळील 'इक्रिसॅट' या कृषिसंशोधन संस्थेने १९७५ पासून सुमारे दहा वर्षे काही निवडक खेड्यांतील कुटुंबांचे जमाखर्च नोंदविले. सोलापूर जिल्ह्यातील शिरापूर आणि तेव्हाच्या अकोला जिल्ह्यातील कान्झरा ही त्यांतील दोन मराठी गावे, आणि महबूबनगर जिल्ह्यातील औरेपल्ली हे तिसरे. या नोंदींच्या आधारे रॉबर्ट टाउनसेंड यांनी १९९४ साली दाखवून दिले, की एखाद्या कुटुंबाचे उत्पन्न एकाएकी घटले, तरी त्याचा खाण्यापिण्याचा खर्च त्या मानाने फारसा घटत नाही. तो गावाच्या सरासरी खर्चाबरोबर वर-खाली होतो. देणे-घेणे, उसनवारी आणि नात्यागोत्याचा आधार यांनी एकट्याचा खड्डा गाव मिळून भरून काढीत असे. भूमिहीनांना हा आधार कमी मिळत असावा, अशीही चिन्हे या अभ्यासात दिसली. ती विसरून चालणार नाही.

'गावाच्या सरासरीबरोबर' या शब्दांकडे वाचकांनी पुन्हा एकदा पाहावे. सरासरीच कोसळली तर काय? एकाचा बैल मेला तर नऊजण मदत करतील. नदीने दहाही घरे घेतली, तर कोण कोणाला उसने देणार? नैसर्गिक आपत्तीचे वेगळेपण यातच आहे. ती धनको आणि ऋणको यांना एकाच रात्री गाठते. भिशीचा गल्ला, बचतगटाची शिल्लक, किराणा दुकानदाराची उधारी, शेजारणीच्या डब्यातील नोटा, हे सारे आधार त्याच पाण्याखाली जातात. गटातील पाचजणी एकमेकींना जामीन असतात, ही सूक्ष्म वित्ताची प्रसिद्ध युक्तीदेखील तेव्हा निकामी होते, कारण जामीनदारही पूरग्रस्तच असतात. अशा वेळी पैसा यावयाचा तर तो पाण्याच्या बाहेरून यावा लागतो. परस्पर-कर्जाच्या नव्या मंचांचे खरे सामर्थ्य हे, की ते बाहेरचा पैसा आत आणू शकतात. त्यांचे दुबळेपणही येथेच आहे: बाहेरच्या धनकोला बांधावरचे काही दिसत नाही.

हैतीचा धडा

या दोन्ही गोष्टी एकत्र पाहावयाच्या असतील, तर कॅरिबियन समुद्रातील हैती या गरीब देशाचा अनुभव अभ्यासण्याजोगा आहे. तेथील बाजार बव्हंशी बायका चालवितात. भाजी, कोळसा, तेल, जुने कपडे विकणाऱ्या या किरकोळ व्यापारिणींना तेथे 'ती माशान' म्हणतात. त्यांच्यात 'सोल' नावाची पद्धत रूढ आहे: ठरावीक दिवशी प्रत्येकीने ठरावीक रक्कम द्यावयाची आणि जमलेला सारा पैसा पाळीपाळीने एकीला मिळावयाचा. आपल्या वाचकांना ही भिशी ओळखण्यास वेळ लागणार नाही.

१९९४ साली जोसेफ फिलिप या धर्मगुरूंच्या पुढाकाराने तेथे 'फॉनकोझे' ही संस्था उभी राहिली. तिच्या मूळ क्रिओल नावाचा अर्थ 'खांद्याला खांदा' असा आहे. एकमेकींच्या मैत्रिणी असलेल्या पाचजणींचा गट, असे अनेक गट मिळून एक केंद्र आणि केंद्राने आपल्यातून निवडलेली एक प्रमुख, अशी तिची रचना होती. 'किवा' या अमेरिकी मंचाच्या द्वारे जगभरच्या माणसांचा पैसा ज्या संस्थांपर्यंत जाऊ लागला, त्यांत फॉनकोझेही होती.

किवाची कार्यपद्धती थोडक्यात सांगणे आवश्यक आहे, कारण तिच्याविषयी गैरसमज पुष्कळ आहेत. मॅट फ्लॅनरी आणि जेसिका जॅकली यांनी २००५ साली हा मंच सुरू केला. धनको पंचवीस डॉलरपासून रक्कम देतो. त्याला व्याज मिळत नाही. फेड झाली तर मुद्दल परत मिळते. परंतु ऋणकोला कर्ज बहुधा बिनव्याजी पडत नाही. स्थानिक संस्था आपला खर्च भागविण्यासाठी तिच्याकडून व्याज घेते. शिवाय संकेतस्थळावर ज्या बाईचे छायाचित्र पाहून आपण पैसे देतो, तिला स्थानिक संस्थेने पुष्कळदा आधीच कर्ज दिलेले असते आणि आपला पैसा त्या संस्थेची रिकामी झालेली थैली भरतो. ही गोष्ट २००९ साली डेव्हिड रूडमन या अभ्यासकाने ठळकपणे मांडली आणि किवाने आपल्या निवेदनाची भाषा सुधारली. प्रस्तुत लेखकास या व्यवस्थेत वावगे काही वाटत नाही. आपत्तीनंतर तर तीच शहाणपणाची, कारण कोठल्याशा शहरातील धनको छायाचित्र पसंत करीपर्यंत दुकान उघडण्यास थांबणे परवडणारे नसते. मात्र 'माणसाने माणसाला दिलेले कर्ज' या शब्दांत मध्यस्थ संस्था झाकली जाते, आणि संकटकाळी सारा भार तिच्यावरच पडतो.

तो कसा पडला ते पाहू. २००८ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात फे, गुस्ताव, हॅना आणि आइक ही चार वादळे महिन्याभराच्या आत हैतीवर आदळली. त्यातून देश सावरतो न सावरतो तोच १२ जानेवारी २०१० रोजी सायंकाळी ७.० तीव्रतेच्या भूकंपाने राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्स उद्ध्वस्त झाली. व्यापारिणींचा माल ढिगाऱ्याखाली गेला, आणि माल म्हणजेच त्यांचे कर्ज होते. नियमाप्रमाणे हप्ता चालू होता. विकण्यास मात्र काही उरले नव्हते.

पहिल्या दोन आठवड्यांत लोकांना जो पैसा लागला, तो कर्जाचा नव्हता, हे आवर्जून नमूद केले पाहिजे. अमेरिकेत राहणारे हैतीचे लोक आपल्या आप्तांना पैसे पाठवीत होते आणि फॉनकोझेच्या शाखांतून ते चुकते केले जात. परदेशातील खात्यात पैसा होता, पण शाखांतील रोकड संपत आली होती. अखेर अमेरिकी सरकार आणि लष्कर यांच्या साहाय्याने वीस लाख डॉलरची रोकड विमानाने देशात आणून हेलिकॉप्टरने शाखांपर्यंत पोहोचविण्यात आली. कागदोपत्री शिल्लक आणि हातातील नोट यांतील अंतर किती जीवघेणे असू शकते, हे बँकेत काम करणाऱ्या कोणालाही या एका प्रसंगावरून उमजावे.

अर्थात नातलगांचा पैसाही सर्वांपर्यंत सारखा जात नाही. फेब्रुवारी २००८ मध्ये किवू सरोवराच्या परिसरात भूकंप झाला, तेव्हा रवांडातील लोकांनी तेथील आप्तमित्रांना मोबाइलवरील शिल्लक पाठविली. जोशुआ ब्लुमेनस्टॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या नोंदी तपासल्या, तेव्हा अशी मदत सधन आणि गोतावळा मोठा असलेल्यांकडे अधिक गेल्याचे आढळले. ज्याचे बाहेर कोणी नाही, त्याच्यासाठी परक्याचे कर्ज किंवा सरकारी मदत एवढेच दरवाजे उरतात.

आता कर्जाकडे वळू. फॉनकोझेने भूकंपात ज्यांचा व्यवसाय बुडाला, त्या सभासदांकडे जुन्या हप्त्यांसाठी तगादा लावला नाही. देणगीदार संस्थांच्या मदतीने त्यांचे जुने कर्ज निर्लेखित करण्यात आले, तातडीच्या गरजांसाठी थोडी रोख रक्कम देण्यात आली आणि त्यानंतर व्यवसाय पुन्हा उभा करण्यासाठी नवे कर्ज देण्यात आले. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी नवे कर्ज दिले असते, तर जुन्याच्या डोक्यावर नवे चढले असते. बांगलादेशात नेमके तसे घडले होते. १९९८ च्या प्रदीर्घ पुरानंतर ग्रामीण बँकेने घरदुरुस्तीसाठी आणि धंद्यासाठी ताजी कर्जे दिली. साठलेल्या हप्त्यांचा भार पेलेनासा झाला आणि अनेक सभासद साप्ताहिक बैठकींनाच येईनासे झाले. त्या अनुभवातून बँकेने आपली सारी कर्जपद्धती नव्याने बांधली, ते काम २००२ साली पूर्ण झाले, आणि अडचणीतील ऋणकोचा हप्ता लहान करून मुदत वाढवून देण्याची सोय नियमांतच आली. झारियाच्या शेतकऱ्याला जे उपजत ठाऊक होते, ते मोठ्या संस्थेला नियम करून शिकावे लागले.

पण दर भूकंपाला देणगीदार कोठून आणावयाचे? म्हणून फॉनकोझेने २०११ साली विम्याचा प्रयोग केला. कर्ज घेतानाच सभासदाने लहानसा हप्ता भरावयाचा. आपत्तीत घर किंवा माल गेला, तर उरलेले कर्ज विम्यातून फिटावयाचे, हाती थोडी रोख रक्कम मिळावयाची आणि तयारी होताच नवे कर्ज घेता यावयाचे. भूकंपानंतरचा क्रमच येथे कराराने बांधून दिला होता. नुकसानीची पाहणी केंद्रप्रमुख बायकांनी घरोघर जाऊन करावयाची होती. म्हणजे बांधावरचे दिसणारे डोळे गावातले आणि पैसा मात्र बाहेरच्या पुनर्विमा बाजारातला. लेखकाच्या मते आपत्तीनंतरच्या परस्पर-कर्जाची इतकी विचारपूर्वक केलेली मांडणी क्वचितच झाली असेल.

तरीही ती टिकली नाही. संस्थेला मिळणारी भरपाई मुख्यतः वारा, पाऊस आणि भूकंपाची तीव्रता यांच्या मोजमापांवर अवलंबून होती. संस्थेने सभासदांना द्यावयाची भरपाई मात्र प्रत्यक्ष नुकसानीवर. मापन केंद्रावर पाऊस ठरल्याहून कमी भरला आणि ओढ्याकाठचे घर मात्र वाहून गेले, तर मधला फरक संस्थेच्या माथी येणार, हे उघड आहे. २०१२ साली आयझॅक आणि सँडी या वादळांनंतर दाव्यांचा भार असह्य झाला आणि योजना पुढे चालविता आली नाही.

आपल्याकडील नियम काय सांगतात

भारतात रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१७ मध्ये परस्पर-कर्जाच्या मंचांना बिगर-बँक वित्तसंस्थांच्या एका स्वतंत्र वर्गात आणून त्यांच्यासाठी निर्देश जारी केले. एका धनकोने एका ऋणकोला सर्व मंच मिळून पन्नास हजारांपेक्षा अधिक देता येत नाही. एका ऋणकोला एकूण दहा लाखांपर्यंतच कर्ज घेता येते. धनकोची एकूण मर्यादा प्रथम दहा लाख होती, ती डिसेंबर २०१९ मध्ये पन्नास लाख करण्यात आली. कर्ज विनातारण असते आणि त्याची मुदत छत्तीस महिन्यांहून अधिक असू शकत नाही. मंचाला हमी देता येत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये हे निर्देश आणखी काटेकोर करण्यात आले: मुद्दल किंवा व्याज बुडाल्यास सारा तोटा धनकोचा, हे स्पष्ट झाले, आणि खात्रीच्या परताव्याची ठेव असल्यासारखी या व्यवहाराची जाहिरात करण्यास मनाई झाली.

हे नियम रास्त आहेत. परंतु ते साधारण काळासाठी आखलेले आहेत, हे पूरग्रस्ताच्या नजरेने पाहिल्यास ध्यानात येते. तुलनेसाठी बँकांची रीत पाहा. नैसर्गिक आपत्तीग्रस्त भागांसाठी रिझर्व्ह बँकेने बँकांना २०१८ साली जे एकत्रित निर्देश दिले, त्यांत पिकाचे नुकसान ३३ ते ५० टक्के असल्यास फेडीसाठी दोन वर्षांपर्यंत आणि ५० टक्के किंवा अधिक असल्यास पाच वर्षांपर्यंत मुदत देण्याची तरतूद होती. त्यांत पहिले एक वर्ष हप्त्याविना. बँक हे करू शकते, कारण तिची कर्जे अनेक जिल्ह्यांत विखुरलेली असतात आणि एका खोऱ्यातील तोटा दुसऱ्या खोऱ्यातील व्याजातून भरून निघतो. मंचावरील एका कर्जामागे वीस-पंचवीस धनको असू शकतात. त्यांतील कोणी निवृत्त शिक्षक असेल, कोणी आपल्या बचतीवर चार पैसे अधिक मिळावेत म्हणून आलेला तरुण. हप्ता वर्षभर थांबवावयाचा, हे त्या सर्वांना कोणी आणि कसे पटवावयाचे? तेव्हा आपत्तीग्रस्ताला मदत करावी या हेतूने जो ग्राहक अशा मंचावर पैसे देईल, त्याने ती रक्कम परत आली नाही तरी आपले अडणार नाही, एवढीच द्यावी. ज्याला परतावा हवा आहे, त्याने आपली सारी रक्कम एकाच जिल्ह्यातील ऋणकोंना देऊ नये. एका पुरात ती सगळी एकदम अडकते. आणि ऋणकोने घर कोसळल्याच्या आठवड्यात कर्जाच्या अर्जावर सही करण्याची घाई करू नये. त्या आठवड्यातील गरजा अन्न, औषध आणि निवारा यांच्या. त्यांतून उत्पन्न होत नाही, मग हप्ता कशातून फेडणार? कर्जाची वेळ दुकानाचे शटर पुन्हा वर जाते तेव्हा, शेतात वाफसा येतो तेव्हा.

शेवटी आपल्या घरगुती हातउसन्याविषयी, कारण आपल्यापैकी बहुतेकांचे परस्पर-कर्ज तेथेच घडते. पूरग्रस्त आप्ताला रक्कम द्यावयाची, तर ती बँक खात्यातून द्यावी. वीस हजार रुपये किंवा त्याहून अधिक रकमेचे कर्ज रोखीने घेण्यास, काही अपवाद वगळता, प्राप्तिकर कायद्याची मनाई आहे. पुष्कळजण अशा वेळी वचनचिठ्ठी, म्हणजे प्रॉमिसरी नोट, लिहून घेतात. तीत एक अडचण आहे. १८८१ च्या पराक्राम्य संलेख अधिनियमानुसार वचनचिठ्ठीतील वचन विनाअट असावे लागते. 'पीक चांगले आले तर देईन' असे लिहिले, की ती वचनचिठ्ठी राहत नाही. झारियाच्या खेड्यांत कर्जाचे जे हृदय होते, त्याला या कागदात जागाच नाही. म्हणून मुदत लवचिक ठेवावयाची असेल, तर वकिलाच्या सल्ल्याने साधा करार करावा, पहिला हप्ता पुढच्या सुगीनंतरचा धरावा आणि हंगाम बुडाल्यास तो किती पुढे जाईल हेही त्यातच लिहावे. वसुलीच्या दाव्याची मुदत साधारणपणे तीन वर्षांची असते. ती संपण्याआधी ऋणकोने देणे लेखी मान्य करून सही केली, अथवा काही रक्कम फेडून आपल्या अक्षरात वा सहीने त्याची नोंद केली, तर ती नव्याने मोजली जाते. पाचशे रुपयांची फेडही त्यासाठी पुरते.